लसीकरण : व्यक्तीची निवड आणि समाजाची जबाबदारी (आटपाडी व माणदेशाच्या संदर्भात)

रोगाविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण व्हावी म्हणून निरोगी व्यक्तीस लस देण्याच्या क्रियेस लसीकरण म्हणतात. औषध आजारी माणसास त्याच्या स्वतःच्या व्याधीसाठी दिले जाते. लस मात्र निरोगी माणसास, पुष्कळदा अजाण बालकास, संभाव्य रोगापासून संरक्षण म्हणून दिली जाते. आणि काही रोगांच्या बाबतीत तिचा लाभ ती घेणाऱ्याइतकाच त्याच्या शेजाऱ्यासही होतो. समाजातील पुरेशा व्यक्ती प्रतिकारक्षम झाल्या, की रोगजंतूस एका देहातून दुसऱ्या देहात जाण्याचा मार्ग उरत नाही व लस न घेतलेल्यांचेही रक्षण होते. देवीच्या बाबतीत हे प्रमाण सु. ८० टक्के, तर गोवरासारख्या अतिसंसर्गजन्य रोगाच्या बाबतीत सु. ९५ टक्के मानले जाते. लस घेण्यातील त्रास व्यक्तीस सोसावा लागतो आणि लाभ मात्र सर्वांत वाटला जातो, या विषमतेतून एक जुना प्रश्न उद्‌भवला : स्वतःच्या देहाविषयी निर्णय घेण्याचा व्यक्तीचा अधिकार कोठे संपतो आणि समाजाची मागणी कोठे सुरू होते? महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास दोन शतकांहून अधिक काळाचा आहे. माणदेशासारख्या दुष्काळी व आडबाजूच्या प्रदेशाच्या दृष्टीने तो पाहिल्यास, शहरी वादविवादात सहसा न दिसणारी त्याची एक बाजू स्पष्ट होते.

प्रदेश व पार्श्वभूमी : आटपाडी हे सांगली जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा, माण नदीच्या खोऱ्यातील हा भाग अल्प पावसाचा असून मेंढपाळी, खिलार जनावरांची पैदास आणि कोरडवाहू शेती हे येथील परंपरागत व्यवसाय होत. पूर्वी हा भाग औंध संस्थानात मोडे. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ असे विखुरलेले विभाग मिळून सु. १,३०० चौ. किमी. क्षेत्राचे हे लहानसे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

या भूगोलाचे व राज्यव्यवस्थेचे साथींच्या इतिहासाशी दोन प्रकारे नाते आहे. पहिले असे, की अवर्षणामुळे येथील माणूस सदैव फिरता राहिला आहे. मेंढपाळ कळपामागे जातो, दुष्काळात कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत मोठ्या संख्येने माणसे गेली, आणि सोने-चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या व्यवसायानिमित्त खानापूर-आटपाडी भागातील कुटुंबे भारतभर पसरली आहेत. दूरच्या शहरातील साथ अशा प्रदेशात लवकर पोहोचते. दुसरे असे, की मुंबई विधिमंडळाचे लसीकरणविषयक कायदे ब्रिटिश मुलखापुरते असत. संस्थानी मुलखास ते आपोआप लागू होत नसत. त्यामुळे खानापूर तालुक्यातील गाव एका कायद्याखाली, तर त्याला लागून असलेले आटपाडीकडील गाव दुसऱ्या सत्तेखाली, अशी स्थिती होती. रोगास मात्र ही शीव ठाऊक नव्हती.

देवीची लस आणि सक्तीचे कायदे : एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तन देवीच्या द्रव्यापासून देवीचा प्रतिबंध करता येतो, हे दाखवून दिले. ही लस बगदाद व बसरा मार्गाने मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती यशस्वीपणे टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लसटोचणी होय. तिच्या दंडावरील फोडातील लस पुढे पुणे, सुरत, हैदराबाद इ. ठिकाणी गेली. पुढील कित्येक दशके लस अशीच एका बालकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर नेली जात असे. मुंबई इलाख्यात फिरते लस टोचणारे नेमून त्यांच्यावर देखरेख ठेवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाली.

या पद्धतीस झालेला विरोध केवळ अज्ञानातून आला, असे म्हणता येत नाही. ज्या बालकाच्या दंडातून लस काढली जाई त्यास वेदना होत. त्याच्या आईला त्यातून काहीच मिळत नसे. कोणत्या जातीच्या मुलाची लस आपल्या मुलाच्या अंगात जाते, हा प्रश्न अस्पृश्यता पाळणाऱ्या समाजात तीव्र होता. गावकामगार महाराने दवंडी देऊन लोकांना बोलवावे, पण त्याच्या मुलाच्या दंडातील लस इतरांना चालू नये, असा तो व्यवहार होता. अशा रीतीने दंडावरून दंडावर जाणाऱ्या लसीने जातिव्यवस्थेतील एक विसंगती उघड केली. शिवाय एका बालकाचे अन्य रोग दुसऱ्यास होण्याची भीती निराधार नव्हती. पुढे वासराच्या त्वचेवर तयार केलेली लस प्रचारात आली तेव्हा यांतील काही आक्षेप दूर झाले. पण वासरास होणाऱ्या इजेमुळे नवा आक्षेप निर्माण झाला. अशा लसनिर्मितीसाठी बेळगाव येथे उभारलेल्या केंद्राची आठवण ‘व्हॅक्सीन डेपो’ या स्थलनामात टिकून आहे.

मराठी भाषेने या घटनेची वेगळीच नोंद ठेवली आहे. देवी हा रोग म्हणजे देवीचे आगमन, अशी श्रद्धा असल्याने घरात रोगी असता कडुनिंबाचा पाला टांगणे, सोवळे पाळणे व देवीची शांती करणे हे उपचार होत असत. लस टोचण्याच्या क्रियेस लोकांनी ‘देवी काढणे’ असे नाव दिले. म्हणजे जुन्या श्रद्धेचा त्याग न करताच नवी क्रिया तिच्या परिभाषेत सामावून घेतली गेली. लसीकरणास मिळालेली ही लोकमान्यता कोणत्याही कायद्याने दिलेली नव्हती.

कायदा आला तो प्रथम शहरांत. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्याने अर्भकांना देवी काढणे सक्तीचे झाले होते. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने अशी सक्ती झाली. १८८० मध्ये नगरपालिका व लष्करी छावण्यांना लागू करता येईल असा भारत सरकारचा कायदा झाला आणि १८९२ च्या मुंबई जिल्हा लसीकरण कायद्यान्वये ठराविक ग्रामीण क्षेत्रांतही सक्ती लागू करण्याची तरतूद झाली. सक्तीचा कायदा आणि सक्तीची अंमलबजावणी यांत मात्र मोठे अंतर होते. दूरदूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत जाणारे कर्मचारी थोडे, उन्हाळ्यात लस खराब होण्याची अडचण मोठी आणि जन्मनोंदी अपुऱ्या, अशा स्थितीत ग्रामीण भागात अनेक बालके लसीविना राहिली ती पालकांनी नकार दिला म्हणून नव्हे, तर लस त्यांच्यापर्यंत आलीच नाही म्हणून. नकार आणि अभाव यांतील हा भेद पुढील सर्व इतिहासात महत्त्वाचा ठरतो.

इंग्लंडमध्येही सक्तीस प्रखर विरोध झाला. १८८५ मध्ये लेस्टर येथे प्रचंड निदर्शने झाली आणि १८९८ च्या कायद्याने विवेकबुद्धीच्या कारणावरून सूट मागण्याची मुभा पालकांना देण्यात आली. ‘विवेकबुद्धीने विरोध करणारा’ ही संकल्पना इंग्रजी कायद्यात प्रथम लसीकरणाच्या संदर्भात रूढ झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. याउलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये जेकबसन खटल्यात, साथीच्या काळात राज्य लसीकरणाची सक्ती करू शकते, असा निर्णय दिला. मात्र त्या खटल्यातील शिक्षा पाच डॉलर दंडाची होती. बळाने लस टोचण्याची नव्हती.

प्लेग आणि स्वेच्छेचे तत्त्व : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळून आला. भयभीत झालेले गिरणी कामगार व मजूर शहर सोडून गावी परतू लागले आणि साथ इलाख्यात पसरली. सातारा जिल्हाही तिच्या तडाख्यात सापडला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीचे रोग कायदा संमत झाला व त्याने सरकारला विलक्षण व्यापक अधिकार दिले. घरांची झडती, रोग्यास बळाने रुग्णालयात नेणे, संपर्कातील लोकांस छावणीत ठेवणे, सामान जाळणे हे उपाय पुण्यात लष्कराच्या साहाय्याने अंमलात आले. त्यांविषयीच्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यात झाली. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगल उसळली. लोकमान्य टिळकांनी प्लेगविषयक उपायांच्या अंमलबजावणीतील जुलमावर टीका केली. पण साथीच्या काळात पुणे न सोडता त्यांनी हिंदू रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांना प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. सरकारी सक्तीस विरोध आणि सामाजिक जबाबदारीचा स्वीकार या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे या काळात दिसून आले.

याच सुमारास वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. बंदिवान माणसाची स्वेच्छा कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला गेला नाही. आजच्या वैद्यकीय नीतिशास्त्रात तो प्रारंभीच विचारला जातो. लसीने मिळणारे संरक्षण पूर्ण नव्हते, परंतु मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते, असे दिसून आले. आगाखान यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. त्यामुळे त्या समाजात तिचा प्रसार झाला. विश्वासातील व्यक्तीच्या उदाहरणाने जे साधते ते हुकुमाने साधत नाही, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

लसीची उघड सक्ती सरकारने केली नाही. पण सवलतींच्या मार्गाने दबाव मात्र आला. १८९८ मध्ये धारवाड-हुबळी भागात मोठ्या प्रमाणावर लस टोचण्यात आली. लस घेतल्याचे प्रमाणपत्र जवळ असणाऱ्यास विलगीकरण व प्रवास यांवरील निर्बंधांत सूट मिळे. छावणीत जाणे किंवा लस घेणे, असा पर्याय समोर असता अनेकांनी लस पत्करली. ही निवड मुक्त म्हणावी की सक्तीची, हा पेच २०२१ मध्ये जवळजवळ त्याच स्वरूपात पुन्हा उभा राहिला. लस टोचल्यावर ताप येऊन एक-दोन दिवस काम बुडे. हातावर पोट असणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. सरकारी अधिकाऱ्यास नगण्य वाटणारी किंमत त्याला रोजच्या मजुरीच्या रूपाने मोजावी लागे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात लस टोचलेल्या १९ व्यक्ती धनुर्वाताने मृत्यू पावल्या. एका बाटलीतील लस दूषित झाल्याने हा अनर्थ घडला. हाफकिन यांच्यावर ठपका ठेवण्यात आला. पुढे रॉनल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी प्रयत्न केल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. परळ येथे नेण्यात आलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. मुलकोवालच्या घटनेचा धडा दुहेरी होता : लसीच्या निर्मितीत व वापरात यत्किंचितही हयगय क्षम्य नाही, आणि अपघाताची उघड व निःपक्षपाती चौकशी झाल्यावाचून लोकांचा विश्वास परत येत नाही.

प्लेगच्या बाबतीत ग्रामीण महाराष्ट्राने स्वतःचा असा एक उपाय अवलंबिला होता. घरांतून ‘उंदीर पडू लागले’, की गाव सोडून माळावर किंवा शेतात झोपड्या बांधून राहावयाचे आणि साथ ओसरल्यावरच परतावयाचे, ही रीत सर्वत्र रूढ झाली. उंदीर व त्यांच्यावरील पिसवा यांच्याद्वारे प्लेग पसरतो, हे पुढे मुंबईतील संशोधनाने प्रस्थापित झाले; तेव्हा गाव सोडण्याच्या या उपायाचे शास्त्रीय मर्मही कळून आले. त्यातील सामाजिक अंग अधिक महत्त्वाचे आहे. गाव उठवण्याचा निर्णय एकट्याचा नसे. एखादे घर मागे राहिले तर साऱ्या गावाचा उद्देश विफल होई. म्हणून निर्णय सर्वांनी मिळून घेतला जाई व त्याची झळही सर्वांना सोसावी लागे. मात्र हे चित्र रम्य मानण्याचे कारण नाही. माळावरही झोपड्यांची मांडणी जातवारच असे आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्याला झोपडीच्या जागेसाठीही दुसऱ्याची मर्जी सांभाळावी लागे. सामूहिक निर्णयाचा भार सर्वांवर सारखा पडतोच असे नाही, हे यावरून दिसते.

औंध संस्थानातील प्रयोग : १९३९ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने संस्थानात नवी राज्यघटना लागू केली व कारभाराचा पाया ग्रामपंचायतींवर ठेवला. राजपुत्र अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांचा या प्रयोगात मोठा वाटा होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तेथे भिंती नव्हत्या. बंदीवानांच्या शब्दावर व परस्परांच्या जबाबदारीवर ती चाले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ मधील दो आँखें बारह हाथ या चित्रपटाची प्रेरणा या वसाहतीतून मिळाली. त्याची कथा-पटकथा माणदेशातीलच ग. दि. माडगूळकर यांची होती. स्वतंत्रपूरचा लसीकरणाशी थेट संबंध नाही. तथापि मोकळीक दिल्याने जबाबदारीची जाणीव नष्ट होत नाही, किंबहुना विश्वासाने दिलेल्या मोकळिकीतूनच ती वाढू शकते, या विचाराची कसोटी आटपाडीच्या माळावर लागली होती.

गांधीजींचे लसीकरणाविषयीचे मत येथे नोंदविणे आवश्यक आहे. १९१३ मध्ये इंडियन ओपिनियनमध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी देवीच्या लसीस नैतिक व आरोग्यविषयक कारणांवरून विरोध केला होता. १९३० च्या प्रारंभी साबरमती आश्रमात देवीची साथ येऊन काही बालके दगावली, तेव्हा त्यांना या मताच्या परिणामास सामोरे जावे लागले. त्यांनी आपले मत सोडले नाही. परंतु ते इतरांवर लादण्याचेही त्यांनी टाळले. या प्रसंगाने व्यक्तिस्वातंत्र्याच्या भूमिकेतील सर्वांत कठीण मुद्दा समोर येतो : निर्णय प्रौढ व्यक्तीचा असतो, त्याची किंमत मात्र पुष्कळदा निर्णयाचा अधिकार नसलेल्या बालकास द्यावी लागते.

स्वातंत्र्योत्तर काळ : भारतात १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभी सर्वांना लस देण्यावर भर होता. पुढे रोगी शोधून त्याच्याभोवतीच्या सर्वांना लस देण्याची पद्धत प्रभावी ठरली. आरोग्य कर्मचारी देवीच्या रोग्याचे चित्र घेऊन शाळांत, आठवड्याच्या बाजारांत व घरोघर चौकशी करीत. भारतातील अखेरचा रोगी मे १९७५ मध्ये आढळला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त घोषित झाला व ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. मानवजातीस लाभलेले हे असामान्य यश होय. तथापि मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात, विशेषतः पूर्व व उत्तर भारतात, नकार देणाऱ्यांना बळाने लस टोचल्याच्या घटना घडल्या, याच्या नोंदी मोहिमेत भाग घेतलेल्यांनीच करून ठेवल्या आहेत.

बळाचा मार्ग किती महाग पडतो, हे लवकरच दुसऱ्या क्षेत्रात दिसले. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या निर्बीजीकरणाचे विधेयक संमत केले. ते कायद्यात रूपांतरित झाले नाही. पण त्या काळातील शस्त्रक्रियांच्या मोहिमांनी सरकारी आरोग्य कर्मचाऱ्याविषयी देशभर धास्ती निर्माण केली. लस टोचण्यास येणारा आणि शस्त्रक्रियेस नेणारा कर्मचारी खेड्यातील माणसास एकाच सरकारचा माणूस वाटे.

पुढील लसीकरण प्रामुख्याने सेवेच्या मार्गाने झाले. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि उपकेंद्रातील परिचारिका, अंगणवाडी सेविका व २००५ नंतर आशा कार्यकर्ती यांच्याद्वारे तो वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचला. १९९५ पासूनच्या राष्ट्रव्यापी पल्स पोलिओ मोहिमेत बसस्थानके, यात्रा, वीटभट्ट्या व मेंढपाळांचे तळ यांवर जाऊन डोस पाजण्यात आले. २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची बालके वगळली जाण्याचा धोका मोठा असल्याने, फिरत्या लोकांमागे यंत्रणेने फिरावे, हे तत्त्व या मोहिमेने मान्य केले. माणदेशासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने ते कोणत्याही सक्तीच्या कायद्यापेक्षा अधिक मोलाचे होते.

कोविड-१९ ची महासाथ : मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर परगावी असलेली अनेक कुटुंबे गावी परतली आणि १८९६–९७ मधील परिस्थितीची पुनरावृत्ती झाली. १८९७ चा साथीचे रोग कायदाच पुन्हा लागू करण्यात आला. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास प्रारंभ झाला. प्रथम आरोग्य कर्मचारी, मग वृद्ध, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व व १ मेपासून १८ वर्षांवरील सर्व, असा क्रम होता. एप्रिलमध्ये लसीच्या तुटवड्यामुळे महाराष्ट्रातील अनेक केंद्रे बंद ठेवावी लागली. १८ ते ४४ वयोगटास संगणकीय नोंदणी आवश्यक असल्याने, स्मार्टफोन व इंटरनेट सहज उपलब्ध असलेल्या शहरवासीयांनी खेड्यांतील केंद्रांवरील जागा राखून ठेवल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही या विषमतेवर बोट ठेवले. त्या वर्षीच्या जून-जुलैत कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांतील संसर्गाचे प्रमाण राज्यातील बहुतेक जिल्ह्यांपेक्षा अधिक होते. अशा वेळी लस न घेतलेला प्रत्येक माणूस ती नाकारणारा होता, असे समजणे वस्तुस्थितीस धरून नव्हते.

पुरवठा सुधारल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. राज्य शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘मिशन कवच कुंडल’ ही मोहीम हाती घेतली. नोव्हेंबरपासून ‘हर घर दस्तक’ या देशव्यापी मोहिमेत घरोघर जाऊन लस देण्यात आली. केंद्र सरकारने लस ऐच्छिक असल्याचे वेळोवेळी सांगितले. प्रत्यक्षात निर्बंधांचे जाळे विणले गेले. मुंबईत ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेतलेल्यांनाच लोकलगाडीने प्रवास करता येऊ लागला. नोव्हेंबरात औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथील जिल्हा प्रशासनाने किमान एक मात्रा घेतल्याशिवाय शिधा, स्वयंपाकाचा गॅस व पेट्रोल न देण्याचे आदेश काढले. २७ नोव्हेंबरच्या शासकीय आदेशाने सार्वजनिक वाहतूक, दुकाने व समारंभ यांसाठी पूर्ण लसीकरण आवश्यक ठरविले. हुबळीच्या प्रमाणपत्राचे हे आधुनिक रूप होय. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये, लोकल प्रवासावर निर्बंध घालताना विहित कार्यपद्धती पाळली गेली नव्हती, असे मत व्यक्त केले.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात या विषयावर महत्त्वाचा निर्णय दिला. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदान्वये देहाच्या अखंडत्वाचा अधिकार संरक्षित असून कोणासही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी शासन वाजवी व प्रमाणशीर निर्बंध घालू शकते, असे न्यायालयाने म्हटले. लस न घेतलेल्यांपासून होणारा संसर्ग घेतलेल्यांपेक्षा अधिक असतो, हे दाखविणारी माहिती पुढे न आल्याने तत्कालीन निर्बंध प्रमाणशीर नाहीत, असा निष्कर्षही न्यायालयाने काढला. लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी उघड करावी, असा निर्देशही त्यात होता.

या निर्णयामागे एक शास्त्रीय भेद आहे. कोविडच्या लसींनी गंभीर आजार व मृत्यू यांपासून उत्तम संरक्षण दिले. पण संसर्ग पसरणे त्यांनी अंशतःच व काही काळापुरतेच रोखले. देवी किंवा गोवर यांच्या लसींबाबत शेजाऱ्याच्या रक्षणाचा युक्तिवाद जितका भक्कम, तितका तो येथे राहिला नाही. तरीही तो सर्वस्वी निकालात निघाला नाही : गंभीर रुग्ण कमी झाल्यास रुग्णालयातील खाट व प्राणवायू दुसऱ्यास मिळतो, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात या गोष्टीचे मोल साऱ्या महाराष्ट्राने अनुभवले होते. सामूहिक जबाबदारीचे प्रमाण रोगागणिक व लसीगणिक बदलते. म्हणून सक्तीच्या समर्थनार्थ वा विरोधात एकच सर्वकालीन सूत्र मांडता येत नाही.

जनावरांचे लसीकरण : या संदर्भात माणदेशातील एक तुलना उद्‌बोधक आहे. खरसुंडी येथील सिद्धनाथाची यात्रा खिलार जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. २०२२ मध्ये गोवर्गीय जनावरांत लंपी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले व शासनाने मोफत लस दिली. २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये नियंत्रित क्षेत्रातील जनावरांना लस देणे सक्तीचे करता येते आणि मालकाच्या अनिच्छेचा त्यात अडसर येत नाही. कळपाच्या हितासाठी प्रत्येक जनावरास लस, हा नियम मेंढपाळास सहज पटतो. मनुष्यसमाजाबाबत कायदा तेथेच थांबत नाही, कारण माणूस हा केवळ कळपाचा घटक नसून संमती देणारी वा नाकारणारी व्यक्ती आहे. तथापि ती व्यक्ती घरात, बाजारात व यात्रेत इतरांच्या श्वासात श्वास मिसळूनच जगते, हेही तितकेच खरे आहे.

मूल्यमापन : या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. देवी, प्लेग व कोविड या तिन्ही साथींत उघड विरोध करणाऱ्यांइतकेच, किंवा त्यांहूनही अधिक, लक्ष लस ज्यांच्यापर्यंत पोहोचली नाही त्यांच्याकडे देणे आवश्यक होते. जेथे लसच आली नाही, तेथे व्यक्तीच्या निवडीची चर्चा अप्रस्तुत ठरते. समाजाची जबाबदारी प्रथम पुरवठ्याच्या व सेवेच्या रूपाने सुरू होते. दुसरे, सक्तीच्या कायद्याने शहरांत व शाळांत काही काळ संख्या वाढू शकते, पण अविश्वास निर्माण झाल्यास त्याची झळ पुढील मोहिमांना पोहोचते. तिसरे, समाज जर व्यक्तीकडून त्याग अपेक्षित असेल, तर तिला होणाऱ्या हानीचा भारही समाजाने उचलला पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या व अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने लसीमुळे अपाय झालेल्यांस भरपाई देण्याची व्यवस्था झाली, ती याच तत्त्वावर. मजुराची बुडालेली मजुरीही या हिशेबात धरावयास हवी. चौथे, व्यक्तीचा नकार हा तिचा अधिकार असला, तरी तो परिणामशून्य नसतो. गोवरासारख्या रोगात एका घराचा नकार शेजारच्या अर्भकाच्या जिवावर बेतू शकतो, आणि त्या अर्भकास निवडीची संधी मिळालेली नसते.

प्लेगच्या काळात माळावर राहावयास गेलेल्या गावाने जबाबदारी स्वीकारली, कारण धोका सर्वांना दिसत होता व निर्णय त्यांचा स्वतःचा होता. त्या निर्णयातील विषमता वगळून त्यातील सहभागाचे तत्त्व टिकविणे, हेच आधुनिक लसीकरणापुढील कार्य आहे. खरी माहिती उघडपणे देणे, अपघात न लपविणे, फिरत्या व गरीब कुटुंबांपर्यंत प्रथम पोहोचणे आणि ग्रामसभेसारख्या स्थानिक संस्थांना निर्णयात सामील करून घेणे, हे त्याचे मार्ग होत. ते अवलंबिले गेल्यास सक्तीची गरज क्वचितच भासते. आणि भासलीच, तर ती लोकांना अन्याय्य वाटण्याचा संभव कमी असतो.